घनदाट जंगलात पक्षी दिसत नाहीत, याला लेन्स जबाबदार नाही

नमस्कार. आधी तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत मांडते, माझी समजूत चुकली असेल तर सांगा. तुम्ही डोंबिवलीचे सहा जण: तुम्ही दोघं, अकरा वर्षांची मुलगी, साठी ओलांडलेले सासू-सासरे आणि एक मित्र. भांडुप पंपिंग स्टेशन, उरण, कर्नाळा हे सगळं करून झालंय. गेल्या वर्षी वीस-बावीस जणांच्या एका सहलीबरोबर केरळात थट्टेकाडच्या पक्षी अभयारण्यात गेलात आणि तुमच्याच भाषेत सांगायचं तर ‘आवाज ढीगभर, पक्षी सात’ घेऊन परत आलात. आता आपलं आपणच जायचं ठरवलंय. पाच दिवसांत आंबोली, तिलारी, गोवा आणि दांडेली असा आराखडा आहे. मे महिना की डिसेंबर हे ठरत नाहीये, आणि ६०० मिलिमीटरची लेन्स घ्यावी का, असं शेवटी विचारलंय.

मी मुलुंडला राहते. गेली सतराएक वर्षं लहान गट घेऊन सह्याद्रीत आणि खाली केरळपर्यंत पक्षी बघायला जाते. सहाच्या वर माणसं घेत नाही. तुमचा गट सहाचाच आहे, म्हणजे सगळ्यात मोठी अडचण तुम्ही नकळत आधीच सोडवली आहे.

तुमची खरी अडचण लेन्सची नाही, ठिकाणाचीही नाही. तुमचे डोळे भांडुपला तयार झालेत. तिथे खाडीकाठी उभं राहिलं की फ्लेमिंगो समोर पसरलेले असतात, दुर्बीण लावायची नि मोजायचं. सदाहरित जंगलात झाडांचे मजले असतात. सगळ्यात वरचे शेंडे तीस-चाळीस मीटरवर, त्याखाली दुसरी फळी, मग झुडपं, वेत, बांबू. ऊन वरच्या मजल्यावरच संपतं. फळं वर, किडे वर, म्हणून बरेचसे पक्षीही वर. आणि जे खाली असतात ते अंधारात, पाचोळ्याच्या रंगाचे. अशा ठिकाणी माणूस चालत राहिला की त्याला फक्त आवाज ऐकू येतात. पक्षी दिसायला थांबावं लागतं, आणि वीस माणसांना थांबवता येत नाही. कुणाला खोकला येतो, कुणाला चहा आठवतो, कुणाचा मोबाइल वाजतो.

हे मी शहाणपण म्हणून सांगत नाहीये. माझी पहिली सहल चौदा जणांची होती आणि पाच दिवसांत चार मुक्काम होते, जवळजवळ तुमच्यासारखाच आराखडा. पायवाट दीड-दोन फुटांची. कर्णा, म्हणजे मलबार ट्रोगॉन, एका आडव्या फांदीवर बसला होता. लाल पोट, काळं डोकं, छातीवर पांढरा पट्टा, अगदी शांत. हा पक्षी बसला की बराच वेळ हलत नाही, तरीही पुढच्या चौघांनाच दिसला. मागच्या दहा जणांना समोरच्याची पाठपिशवी दिसली. परतीच्या गाडीत एक निवृत्त काका हसत हसत म्हणाले, “मॅडम, माझ्या कॅमेऱ्यात तुमच्या टोपीचे फार सुंदर फोटो आलेत.” त्यानंतर मी मोठा गट कधी नेला नाही.

तर आराखडा. आंबोली, तिलारी, गोवा, दांडेली ही चार ठिकाणं पाच दिवसांत म्हणजे रोज सकाळचा चांगला वेळ सामान बांधण्यात आणि घाटात. पक्ष्यांची सकाळ साडेसहा ते अकरा. हॉटेलचा नाश्ता आठला, चेकआउट दहाला, की संपलं! एका ठिकाणी चार रात्री राहा. पहिल्या दिवशी पायवाट अनोळखी असते. दुसऱ्या दिवशी कळतं की त्या वळणावरच्या फळांनी लगडलेल्या झाडावर धनेश (हॉर्नबिल) येतात. तिसऱ्या दिवशी तुम्ही धनेशांच्या आधी तिथे पोचलेले असता. जे काय दिसायचं ते बहुतेक तिसऱ्या दिवशी दिसतं, आणि तिसरा दिवस तुमच्या आराखड्यात कुठेच नाही.

कुठलं ठिकाण, हे मात्र तुमच्या घरच्या गुडघ्यांवर आणि प्रवासाच्या तयारीवर अवलंबून आहे. माझं मत विचाराल तर पुन्हा थट्टेकाड. ऐकून कपाळाला आठ्या पडतील, पण कारण साधं आहे. रस्ता माहीत झालाय, तिथले निम्मे आवाज कानात बसलेत, आणि जागा खरोखर तोलामोलाची आहे. पेरियार नदीकाठचं जेमतेम पंचवीस चौरस किलोमीटरचं हे अभयारण्य. १९३०च्या दशकात त्रावणकोर संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी करताना सलीम अली तिथे पोचले आणि त्या जंगलाने थक्क झाले. १९८३ साली अभयारण्य झालं आणि त्याला त्यांचंच नाव मिळालं. खेतवाडीत वाढलेल्या माणसाचं नाव केरळातल्या जंगलाला आहे, याचं मुंबईकर म्हणून मला दर वेळी उगाचच बरं वाटतं.

नेत्रावती एक्स्प्रेसला ठाण्याला किंवा पनवेलला बसायचं, साधारण एका दिवसाने अलुव्याला उतरायचं, तिथून कोतमंगलमवरून गाडीने दीड-दोन तास. सासू-सासऱ्यांना एवढा प्रवास झेपणार नसेल तर कर्नाटकातलं गणेशगुडी-दांडेली. मिरज-बेळगावमार्गे लोंड्यापर्यंत रात्रभराची गाडी आहे. ते जंगल निमसदाहरित, थोडं मोकळं, काळी नदीच्या काठाने नजर लांब जाते. धनेशाच्या चार जाती तिथे एकाच पट्ट्यात आहेत: महाधनेश, मलबारी कवड्या धनेश, मलबारी राखी धनेश आणि आपल्याकडचा साधा राखी धनेश. नवख्या डोळ्यांना ते जास्त दयाळू जंगल आहे.

थट्टेकाडला गेलात की एक मोह होणार: “मुन्नार जवळच आहे ना?” आहे, ऐंशीएक किलोमीटर घाटाचा रस्ता. वर शोला जंगल (उंच डोंगरांतली खुरटी, दाट झाडी), तिथले वेगळे पक्षी, सगळं खरं. पण चार दिवसांतला एक पूर्ण दिवस गाडीत जातो आणि मुलीला घाट लागतो तो वेगळाच. त्यात तिथलं इरविकुलम उद्यान निलगिरी ताहरच्या, म्हणजे तिथल्या रानबकऱ्यांच्या, विणीसाठी फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास बंद असतं. मुन्नारची वेगळी सहल करा.

दिवस कसा लावायचा, इथे बहुतेक जण चुकतात. पहाटे उठून थेट दाट झाडीत शिरतात. सातला आत अंधारच असतो. सुरुवात जंगलाच्या कडेला करा: खडकाळ माळ, नदीचा काठ, रबराच्या बागेची हद्द, जिथून शेंडे समोर दिसतात. पहिलं ऊन शेंड्यांवर पडतं, तिथले किडे जागे होतात, मग पक्षी. पोपट, हरेवे, मैना, धनेश हे सगळे या तासा-दीड तासात डोळ्यांच्या पातळीला मिळतात आणि मानही दुखत नाही. आत जायचं ते साडेआठनंतर, उजेड खाली झिरपायला लागल्यावर. अकरा-साडेअकराला परत. जेवा, झोपा. साडेतीनला पुन्हा सकाळचीच वाट. मुद्दाम तीच. संध्याकाळी अंधार पडताना कडेच्या मोकळ्या जागेत थांबलात तर रातवे, म्हणजे रात्री किडे टिपणारे पक्षी, उडताना दिसतील.

आता आत गेल्यावर काय करायचं ते एका सकाळीवरून सांगते. आम्ही पाच जण एका ओढ्यापाशी थांबलो होतो. पाऊण तास काही नाही. लांबून कुटुर्ग्याची कुटुर-कुटुर, बस. एकीने पिशवीतून चिक्की काढली. तेवढ्यात डोक्यावर भृंगराजाचा, म्हणजे कोतवालाच्या लांब शेपटीच्या भाऊबंदाचा, घंटेसारखा आवाज झाला आणि पाठोपाठ सगळं झाडच हलायला लागलं. वर नारिंगी निखारांचे ठिणगीसारखे पाच-सात ठिपके. खोडावर उलटी उतरणारी निळी नटहॅच. वाळक्या फांदीवर पाठीवर बदामाच्या आकाराचे ठिपके असलेला एवढासा सुतार, मधल्या फळीत नीलमणी, शेपटीची पांढरी रिबीन ओढत स्वर्गीय नर्तक. सहा-सात मिनिटं. मग आवाज ओढ्यापलीकडे सरकला आणि जंगल पुन्हा बंद झालं. चिक्कीवालीने फक्त सुतार बघितला.

याला मिश्र थवा म्हणतात, आणि घनदाट जंगलातलं निम्मं पक्षीनिरीक्षण म्हणजे हा थवा गाठणं. वेगवेगळ्या जातीचे पक्षी एकत्र फिरतात कारण जास्त डोळे असले की ससाणा किंवा शिक्रा लवकर दिसतो, आणि एकाने हुसकावलेले किडे दुसऱ्याला मिळतात. कोतवाल मंडळी याचा पुरेपूर फायदा घेतात: पहाराही करतात आणि इतरांनी उठवलेले किडे मटकावतातही. म्हणून कोतवालाचा, भृंगराजाचा आवाज आला की बोलणं बंद, दुर्बिणी छातीवर. थव्याच्या मागे पळू नका, तो तुमच्यापेक्षा वेगात जातो. तो कुठल्या दिशेने सरकतोय ते ऐका आणि पुढे जाऊन थांबा. सहा जणांनी सहा दिशा वाटून घ्यायच्या. बोट दाखवून “तो बघ, तो बघ” म्हणायचं नाही, कारण तो कुठे ते कुणालाच कळत नाही. “जाड खोड, दोन फांद्या जिथे फुटतात तिथून डावीकडे हातभर” असं सांगायचं. याचा सराव घरच्या आंब्यावर करा, हसू नका.

याच कारणासाठी जाण्याआधी तीन-चार रविवार बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात किंवा येऊरला घालवा. खाडीवर नको, झाडीतच. डोळे मिटून दहा मिनिटं बसायचं आणि किती वेगळे आवाज आले ते मोजायचं. मर्लिन ॲप आवाज ओळखायला मदत करतं, पण त्याच्या भरवशावर यादी भरू नका. दाट जंगलात भृंगराज दुसऱ्या पक्ष्यांच्या नकला इतक्या बेमालूम करतो की ॲपच काय, मीही फसले आहे.

तुमच्या मुलीबद्दल एक गोष्ट, कारण तुम्ही “ती कंटाळेल का” असं विचारलंय. तिला काम द्या. यादी तिच्याकडे. शिवाय वयाबरोबर बारीक, उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात. फुलटोच्याची ती टिक-टिक मला आता जवळ असेल तरच कळते, तुमच्या सासऱ्यांना कदाचित कळणारच नाही. अकरा वर्षांच्या कानाला ती स्पष्ट येते. गटातला सगळ्यात चांगला मायक्रोफोन तीच आहे, हे तिला सांगून बघा.

लेन्स. ६०० मिलिमीटरची नको. दोन कारणं. एक, उजेड. आत ३२००-६४०० आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची क्षमता) लावूनही शटर एक साठांशावर येतं, आणि जड लेन्स हातात धरून तेवढ्या वेळेत फोटो हलल्याशिवाय राहत नाही. दोन, पक्षी बरेचदा पंधरा-वीस फुटांवर असतो, मध्ये पानं असतात, आणि एवढ्या लांब लेन्समधून तो शोधेपर्यंत उडालेला असतो. आहे ती १००-४०० असेल तर पुष्कळ झालं, सोबत मोनोपॉड (एकपायी स्टँड) घ्या. पैसे दुर्बिणीवर घाला. ८×४२ घ्या, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटरच्या भिंगाची; १०×४२ नको. ४२ला ८ने भागलं की सव्वापाच मिलिमीटरचा प्रकाशाचा झोत डोळ्यात येतो. १०×४२ला तो ४.२ वर येतो. अंधाऱ्या झाडीत हा फरक जाणवतो, शिवाय आठपटीत दिसणारा भाग रुंद असतो, थव्यातला पक्षी पटकन सापडतो. दोन माणसांत एक दुर्बीण चालत नाही. सहा जणांना सहा. एखादी उसनी घ्या पण घ्या.

महिना. डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तम, त्यातही नाताळची सुट्टी टाळून. जंगल कोरडं असतं, जळवा कमी, हिवाळी पाहुणे हजर. नवरंग, ज्याला सगळे पिट्टा म्हणतात, तोही तेव्हा दक्षिणेतच असतो. शाळेमुळे मे शिवाय जमणारच नसेल तर केरळ सोडा. उकाडा, दुपारचे वळवाचे पाऊस, पाहुणे परतलेले. त्याऐवजी मेअखेर ते जून कर्नाळा-रायगडच्या पट्ट्यात फिरा. तोच नवरंग तेव्हा विणीसाठी आपल्याकडे येतो आणि पावसाच्या तोंडावर तिबोटी खंड्याही (चिमुकला, रंगीत किंगफिशर) येतो. मुंबईत मोसमी पावसाची सरासरी तारीख ११ जून, त्याच्या आगेमागे दोन रविवार राखून ठेवा. डोंबिवलीहून पहाटे निघून दुपारी घरी.

तिलारी-दोडामार्गचा विचार केलाच असेल तर एक काळजीची गोष्ट. त्या भागात माकडतापाचे रुग्ण २०१६पासून आढळलेत. हा आजार गोचिडीतून पसरतो आणि त्याचा जोर साधारण जानेवारी ते मे असतो, म्हणजे नेमका कोरड्या दिवसांत. पाचोळ्यावर बसायचं नाही, पँट मोज्यात खोचायची, परतल्यावर अंघोळीच्या वेळी काखा, गुडघ्यामागचा भाग, कमरपट्ट्याची जागा नीट तपासायची. दोन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना आपण कुठल्या जंगलात गेलो होतो ते आधी सांगायचं. घाबरून जाऊ नका असं नाही म्हणणार, पण सावध राहून लोक जातात. दोडामार्गात हत्तीही आहेत, थट्टेकाडला तर आहेतच. स्थानिक गाइडशिवाय वाट सोडू नका, आणि तो म्हणाला परत फिरा तर वाद न घालता फिरा.

जळवांचं लोक फार करतात. कोरड्या महिन्यांत त्रास नगण्य, ओल्यात लीच सॉक्स (जळवा आत शिरू न देणारे लांब मोजे) घालायचे. चिकटलीच तर मीठ-काडी न करता नखाने कडेने सरकवून काढायची. रक्त थोडा वेळ वाहत राहतं, कारण ती रक्त गोठू न देणारं द्रव्य सोडते. सासू-सासऱ्यांपैकी कुणी रक्त पातळ करणारी गोळी घेत असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.

बायकांनी विचारायचा पण कुणी न विचारणारा प्रश्न: सकाळच्या वाटेवर पाच तास स्वच्छतागृह नसतं. होम-स्टे ठरवताना मधे कुठे सोय आहे ते फोनवर स्पष्ट विचारा. मी पाहिलंय, याच भीतीने बायका पाणी पीत नाहीत आणि दहा वाजता डोकं धरून बसतात.

गाइडबद्दल. चांगला गाइड तुम्हाला फ्रॉगमाउथ, म्हणजे बेडकासारख्या रुंद तोंडाचा निशाचर पक्षी, दाखवेल. तो कसा दाखवतो हे बघितलंत की गाइड कसा आहे ते कळतं. आमचा गाइड वेताच्या जाळीत वाकून शिरला, परत आला आणि म्हणाला, एकेक जण, दोन मिनिटं, फ्लॅश नाही. मी आत गेले. छातीच्या उंचीवर, सहा फुटांवर, दोन वाळकी पानं. मी त्या पानांच्या पलीकडे पक्षी शोधत होते. मग त्यातल्या एका पानाने डोळ्याची फट किंचित उघडली. एक करडं, एक तांबूस, नर नि मादी, एकमेकांना चिकटून, चोचीच्या मुळाशी राठ केसांचा झुबका. दिवसभर ती तशीच बसतात. विणीत त्यांचं एकच अंडं असतं आणि दिवसा नर त्यावर बसतो. त्याला उठवलं की सगळं उघडं पडतं. जो गाइड काठीने फांदी हलवून “आता बघा डोळे उघडेल” म्हणतो, त्याला दुसऱ्या दिवशी नेऊ नका.

आवाजाच्या रेकॉर्डिंगबद्दलही हेच. मी एकदा कर्ण्याचा आवाज स्पीकरवर दहाएक मिनिटं लावून ठेवला होता. नर आला, पण बसेना. या फांदीवरून त्या फांदीवर, आपल्या हद्दीत घुसलेल्या न दिसणाऱ्या शत्रूला शोधत. आम्हाला फोटो छान मिळत होते. गाइडने काही न बोलता माझ्या स्पीकरवर हात ठेवला. तेव्हापासून स्पीकर घरीच असतो. तिबोटीच्या घरट्यासमोर तंबू टाकून फोटो काढू देणारी ठिकाणंही तुम्हाला सुचवली जातील. मी जात नाही. मातीच्या कडेतल्या त्या बिळात पिल्लं असतात आणि चोचीत पाल धरलेला खंड्या माणसं हटायची वाट बघत फांदीवर बसून राहतो.

खर्चाचा आकडा देत नाही, कारण तो मुक्काम आणि हंगामावर दुपटीने बदलतो. एवढं नक्की की चार मुक्कामांच्या आराखड्यात जो पैसा टॅक्सीवर जाणार होता, त्यात चारही दिवस पूर्णवेळ गाइड बसतो.

रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि नेत्रावती लवकर भरते. आधी होम-स्टेला फोन करून गाइड कुठल्या तारखांना मोकळा आहे ते विचारा, मग तिकिटं काढा, आणि सासू-सासऱ्यांसाठी खालचे बर्थ मागा. तारखा ठरल्या की इथेच लिहा, त्या आठवड्यात कुठली झाडं फळांवर असतील ते तिथल्या ओळखीच्यांना विचारून सांगेन.